उधोजी, बेटा आणि कळमनुरीचा रस्ता

स्थळ, वेळ, प्रसंग, पात्रे. एवढे चार शब्द दिसले की ‘ढिंग टांग’चा जुना वाचक सावरून बसतो. नाटकाच्या वहीत या ओळी नटासाठी असतात, प्रेक्षकाला त्या दिसतही नाहीत. ब्रिटिश नंदी त्या वाचकासमोर उघड मांडतात आणि पहिला चिमटा तिथेच काढून घेतात. ‘वेळ’ या शब्दापुढे घड्याळाचा आकडा असेलच असे नाही. एखाद्या पुढाऱ्यावर आलेली वेळही तिथे असू शकते. ‘स्थळ’ वाचले की घर कोणाचे ते कळते, आणि घर कळले की आज कोणती बातमी त्या घरात शिरणार याचा अदमास येतो. पहिला संवाद सुरू होण्याआधीच लेखक आणि वाचक यांचे संगनमत झालेले असते.

‘सकाळ’मधले हे सदर लिहिणारे ब्रिटिश नंदी म्हणजे पत्रकार प्रवीण टोकेकर. इंग्रजी सिनेमांवरही त्यांनी मनापासून लिहिले आहे, आणि पडद्यावरचे पाहण्याची ती सवय सदरात लपत नाही. कोण कुठे बसले आहे, कोणी कशात डोके खुपसले आहे, कोण दार न वाजवता आत आले, हे सगळे कंसातल्या अर्ध्या ओळीत उरकते. टोपणनावाची चाल आपल्याकडे जुनी. जयवंत दळवींनी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन साहित्यिकांना ठोकून काढले, वसंत सरवट्यांच्या रेषेने त्या ठणठणपाळाला चेहरा दिला, पुढे ‘लोकसत्ता’त तंबी दुराई आले. त्या रांगेत ‘ब्रिटिश नंदी’ हे नाव जरा जास्तच खोडकर आहे. प्रीतीश नंदी हे ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे गाजलेले संपादक, आणि पुढे शिवसेनेचे राज्यसभेतले खासदार. संपादकाच्या खुर्चीतून खासदाराच्या बाकावर गेलेल्या माणसाच्या नावाला एका अक्षराचा धक्का देऊन ज्याने स्वतःचे बारसे केले, तो पत्रकार राजकारणाकडे कोणत्या कोपऱ्यातून पाहणार, हे वेगळे सांगायला नको.

सदर छापील पानावर येते, तसे ई-सकाळवरही येते. हिंगोलीसारख्या ठिकाणी बसून पाहिले तर त्याचा खरा संसार आता मोबाइलवर आहे असेच म्हणावे लागेल. मजकुराचा तुकडा कोणीतरी उचलतो, गटात टाकतो, तिथून तो पुढे सरकतो. कधी तारीख गळते, कधी लेखकाचे नावच गळते. राजकीय विनोदाला हा प्रवास मानवत नाही. पानावर शेजारी अग्रलेख असतो, पहिल्या पानावर बातमी असते, आणि त्यांच्या मधल्या जागेत विनोद उभा असतो. बातमी काढून घेतली की बरेचदा कोडे उरते. ‘ढिंग टांग’चे जुने तुकडे वाचताना हा अनुभव येतोच. कोणत्या बैठकीवरून, कोणत्या फुसक्या वक्तव्यावरून हा खेळ मांडला होता ते आठवत नाही, आणि आठवले नाही की अर्धी गंमत जाते.

तरीही अर्धी उरते, ती घाटामुळे. तुलनेसाठी दुसऱ्या घाटाचे उदाहरण घेऊ. राहुल रौशन या टीव्ही पत्रकाराने २००८ मध्ये ‘फेकिंग न्यूज’ सुरू केले. तिथे विनोद बातमीचा पोशाख घालून यायचा. मथळा बातमीसारखा, भाषा बातमीसारखी, आत सगळा खोटेपणा. त्यातली मौज वाचक क्षणभर फसण्यात होती. पण फसलेला माणूस तेच पुढे पाठवू लागला की मौज संपते आणि अफवा सुरू होते. दुसरा घाट आकाश बॅनर्जी यांचा. टीव्हीवरची बातमीदारी सोडून त्यांनी यूट्यूबवर ‘द देशभक्त’ उभे केले. तिथे विनोदकार स्वतः कॅमेऱ्यासमोर आहे, त्याची बाजू उघड आहे, थट्टेच्या मागोमाग युक्तिवाद येतो. ब्रिटिश नंदी या दोन्ही वाटांनी जात नाहीत. त्यांनी नाटकाचा घाट घेतला, त्यामुळे त्यांचे लेखन कोणी बातमी समजून बसण्याची भीती नाही. आणि ते स्वतः विंगेत उभे असल्यामुळे त्यांची बाजू कोणती, यावर वाचक भांडत राहू शकतात. मोबाइलच्या धबडग्यात हा घाट सर्वांत टिकाऊ ठरला असे माझे मत आहे. नाव गळले तरी पात्रांच्या बोलण्यावरून सदर ओळखू येते. सही मजकुराच्या आतच आहे.

त्यातला मला सर्वांत आवडणारा प्रकार म्हणजे बखरीचा. उद्धव ठाकरे तिथे उधोजी होतात, मिलिंद नार्वेकर मिलिंदोजी फर्जंद होतात, मुजरे झडतात, आज्ञा सुटतात, आणि अशा भरजरी भाषेत विषय असतो जागावाटपाचा किंवा कोणाच्या तरी रुसव्याचा. वरवर पाहता हे ठरीव विडंबन वाटेल: जड भाषा, हलका विषय. पण यात त्याहून बारीक काम आहे. शिवसेनेने आपली सगळी भाषा शिवकाळातून उचलली. मावळे, गड, भगवा, खंजीर, गद्दारी, निष्ठा, सगळे शब्द पक्षानेच रोजच्या वापरात आणले. नंदींना पात्रांवर पोशाख चढवावा लागत नाही. पात्रे घरून पोशाख करूनच आलेली आहेत. लेखक एवढेच करतो की त्या पोशाखाला साजेसे बोलणे आणि चालणे शेवटपर्यंत निभावून नेतो. सहायकाला ‘फर्जंद’ म्हटले की कोंडाजी फर्जंदाचा पन्हाळा आठवतो, आणि समोर फोन घेणारा, भेटीची वेळ देणारा माणूस दिसतो. दोन्ही चित्रे एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात, एकही दुसऱ्याला पुसत नाही. हसू त्या दोघांच्या मध्ये आहे.

हिंगोलीच्या वाचकाला हा खेळ समजावून द्यावा लागत नाही. इथल्या रामलीला मैदानावर दसऱ्याला रावण जळतो आणि एरवी त्याच मैदानावर पुढाऱ्यांच्या सभा होतात. उद्धव ठाकरे यांची सभा २७ ऑगस्ट २०२३ रोजी तिथेच झाली. सोंग आणि भाषण एकाच जागेवर पाहण्याची सवय असलेल्या गावाला उधोजी परके वाटत नाहीत. शिवाय संत नामदेवांची नर्सी इथून जवळ, भारुडाची मराठवाड्यात वस्ती जुनी. सोंग घेतलेला माणूस आपल्याविषयीच बोलतो आहे, हे ओळखण्याचा कान इथे पिढ्यांचा आहे.

बखरीनंतर घर. दिल्लीतल्या घरात मम्मामॅडम कागदपत्रांत गढलेल्या असतात आणि बेटा, म्हणजे राहुल गांधी, आपल्या आगमनाची वर्दी स्वतःच तोंडाने वाजवत आत येतो. ही एण्ट्री ठरलेली आहे, आणि ठरलेली आहे म्हणूनच चालते. वगात सोंगाड्या ज्या ठेक्यावर येतो तो ठेका बदलला तर प्रेक्षक नाराज होतात. आईचे उत्तर मात्र दर वेळी बारकाईने वाचावे असे असते, कारण तिच्या मोजक्या शब्दांत सगळी थकलेली माया असते आणि सगळे राजकारणही. बेटा जे बोलतो ते हसवण्यासाठी. आई जे बोलत नाही, त्यात विनोदाचे वजन. मल्लिकार्जुन खर्गे ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पक्षाची बैठक दुसऱ्या दिवाणखान्यात गेली, तरी वाचकाच्या मनातला पक्ष त्या आई-मुलाच्या घरातच राहिला. एखाद्या सदराने उभे केलेले घर खऱ्या घराहून जास्त काळ टिकते, ते असे.

आता इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे, आणि ती कळमनुरीच्या रस्त्यावरून सुचलेली आहे. भारत जोडो यात्रा ७ नोव्हेंबर २०२२ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरमधून महाराष्ट्रात शिरली आणि ११ तारखेला हिंगोली जिल्ह्यात आली. त्याच दिवशी कळमनुरीकडे जाताना आदित्य ठाकरे राहुल गांधींबरोबर चालले. म्हणजे ‘ढिंग टांग’ची दोन घरे त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या एका रस्त्यावर एकत्र पायी चालत होती. एक दिल्लीचा बेटा, एक वांद्र्याचा. विनोदकाराला याहून आयता प्रसंग मिळणे नाही. पण रस्त्याच्या कडेला उभे राहून ज्यांनी तो माणूस पाहिला, त्यांना सदरातला बेटा आणि समोरून चालत येणारा दाढी वाढलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस यांची जोडणी करणे अवघड गेले असणार. सदरातल्या बेट्याचे बालपण कोणी ठरवले? ते ब्रिटिश नंदींनी शोधलेले नाही. विरोधी पक्षाच्या प्रचाराने ते वर्षानुवर्षे रुजवले, वाचकाच्या डोक्यात ते आधीच होते, सदराने ते आयते उचलले. उधोजींच्या बाबतीत शिवसेनेने स्वतःविषयी जे सांगितले त्याची थट्टा होते. बेट्याच्या बाबतीत दुसऱ्यांनी त्याच्याविषयी जे सांगितले त्याचीच थट्टा पुढे चालते. पहिली थट्टा शोध घेते. दुसरी शोध घेत नाही, हसवते मात्र दोन्ही. रसिकाने हा फरक करायला हवा. लेखकाची माया बेट्यावर आहे हे मान्य, किंबहुना त्या मायेनेच तो प्रचारातल्या चित्रापेक्षा गोड झाला आहे; पण गोड झाल्याने तो खरा झालेला नाही.

सत्तेच्या घरी गेले की सूर बदलतो. देवेंद्र फडणवीस यांची रोजनिशी हा त्यातला मासला. तिथी, वार, सुविचार अशी शाळकरी शिस्त, आणि मग एका नावाचा जप एकशे आठ वेळा लिहिण्याची स्वतःलाच दिलेली आठवण. इथे एकही टीकेचा शब्द नाही. रोजनिशी लिहिणारा मुलगा मन लावून गृहपाठ करतो आहे, एवढेच दिसते. दिल्लीतल्या नेत्याविषयी राज्यातल्या पुढाऱ्याला काय वाटते, किती भीती, किती भक्ती, किती हिशेब, यावर मोठमोठे राजकीय लेख झाले. त्या सगळ्यांचे काम कंसातली ती एक सूचना करते. जप मनात करायचा असतो, हा लिहून करतो आहे, म्हणजे वही कोणीतरी तपासणार आहे. कोण तपासणार, हे लेखक सांगत नाही. न सांगण्याची ही जागा मला सबंध सदरातली सर्वांत धारदार जागा वाटते.

धार हा शब्द आला तेव्हा मोजमापाचा प्रश्न येतोच. मराठीत राजकीय उपरोधाचे मोजमाप शिवराम महादेव परांजपे. संस्कृतचा हा प्राध्यापक १८९८ मध्ये ‘काळ’ साप्ताहिक काढतो आणि इंग्रजी राज्याची अशी स्तुती लिहू लागतो की वाचणाऱ्याच्या अंगाची आग व्हावी. कायद्याला पकडायला वाक्य सापडू नये आणि वाचकाला अर्थ सापडल्यावाचून राहू नये, ही त्यांची कसरत. सरकारने १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला भरून एकोणीस महिन्यांची शिक्षा दिली. निबंधांच्या पुस्तकांवरची बंदी उठायला १९३७ साल उजाडावे लागले. अलीकडचे टोक म्हणजे २३ मार्च २०२५. कुणाल कामराने एकनाथ शिंदे यांच्यावर रोख असलेले विडंबनगीत यूट्यूबवर टाकले आणि त्याच रात्री खारच्या ‘हॅबिटॅट’ची मोडतोड झाली. ‘ढिंग टांग’वर अशी वेळ आल्याचे ऐकिवात नाही. याचे श्रेय द्यायचे की दोष? मला वाटते दोन्ही थोडे थोडे. ज्याची थट्टा होते त्यालाही ती कात्रण कापून ठेवावीशी वाटावी, हे कसब आहे. पण घरात नेऊन बसवलेला पुढारी घरातलाच होऊन जातो. तो रुसतो, फुगतो, भावाला फोन लावतो, आणि त्याने घेतलेल्या निर्णयाने ज्याचे वाटोळे झाले तो माणूस त्या दिवाणखान्यात सहसा येत नाही. सोयाबीनचा भाव पडलेला वाचक, वसमतच्या बाजारात हळद घेऊन आलेला वाचक, पात्रांच्या यादीत नसतो. तो बाहेर बसून हसतो.

हसण्याची कला किती अवघड होऊन बसली आहे, याची साक्षही कळमनुरीच देते. इथले आमदार संतोष बांगर यांनी जून २०२२ मध्ये हिंगोलीत कार्यकर्त्यांसमोर डोळ्यांतून पाणी काढत शिंदे यांच्यासोबत गेलेल्या बंडखोरांना परत येण्याची विनवणी केली. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षाच्या निवडणुकीत ते ठाकरे यांच्या बाजूने होते. ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा ते शिंदे यांच्या बाजूला उभे होते. ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झाला. यावर प्रहसन लिहायचे म्हणजे काय करायचे? वाढवून सांगायला जागाच ठेवलेली नाही. अतिशयोक्ती हे विडंबनाचे जुने हत्यार, पण प्रसंग स्वतःच अतिशयोक्त असला की ते हत्यार हातात नुसते राहते. नंदींची रीत अशा वेळी कामाची ठरते, कारण ती प्रसंग वाढवत नाही, लहान करते. सरकार पडण्याची घटना ते एखाद्या दिवाणखान्यातल्या चहाच्या कपापर्यंत आणून ठेवतात. एवढी लहान झाली की ती हातात धरून उलटसुलट पाहता येते. बातमीदार म्हणून कमावलेली शिस्त इथे कामी येते: घटना तशीच, तारीख तशीच. बदलतो तो फक्त बोलण्याचा सूर.

या लहान करण्याचा कळस म्हणजे दादू आणि सदू. उद्धव आणि राज. राज ठाकरे २००५ च्या अखेरीस शिवसेनेतून बाहेर पडले, ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना निघाली. दोन्ही सेना एकमेकींविरुद्ध निवडणुका लढल्या, भावांनी एकमेकांवर जाहीर सभांतून नको ते बोलून घेतले. आणि इकडे सदरात एक भाऊ दुसऱ्याला फोन लावतो आहे. कधी खवचटपणे, कधी कशाची तरी चौकशी करायला, कधी दुसऱ्याच्या घरात काय शिजते आहे याचा वास घ्यायला. संवाद साधे, घरगुती, मध्येच दाताखालचा खडा यावा तसा एखादा जुना राग. ही सगळी बोलणी कल्पनेतली. तरी त्यांना एक भक्कम आधार होता: दोघे एकाच घराण्यात वाढलेले, एकाच काकांच्या की वडिलांच्या भाषेत बोलायला शिकलेले, आणि दोघांचाही व्यंगचित्राशी नाहीतर कॅमेऱ्याशी संबंध, म्हणजे माणसाचा चेहरा निरखण्याची सवय दोघांना. अशी माणसे बोलत नसतील तर गप्प राहूनही एकमेकांशीच बोलत असणार, हा तर्क कोणत्याही राजकीय विश्लेषणापेक्षा शहाणा होता. बातमी म्हणत होती दोघांत बोलणे नाही. सदर म्हणत होते बोलणे बंद होऊच शकत नाही.

मग ५ जुलै २०२५ उजाडला. वरळीच्या डोममध्ये मराठीच्या मुद्द्यावरचा विजयी मेळावा, एकाच व्यासपीठावर दोघे भाऊ. बाळासाहेबांना जे जमले नाही ते फडणवीसांनी करून दाखवले, अशा अर्थाचे राज भाषणात बोलले, आणि हशा झाला. ते वाक्य सदरातल्या सदूच्या तोंडी सहज शोभले असते. पुढे दोन्ही पक्षांची युतीही झाली. सदराच्या वाचकाला त्या दिवशी जे वाटले ते इतरांना वाटले नसावे: ओळखीची दोन पात्रे वहीतून उठून व्यासपीठावर जाऊन बसली.

लेखकाच्या दृष्टीने ही अडचणच. इतकी वर्षे विनोद दोघांमधल्या अंतरावर उभा होता. फोनच्या दोन टोकांना दोन घरे होती म्हणून टोमणा लागायचा, आणि लागल्यावर फोन आपटायची सोय होती. एकाच सोफ्यावर बसलेल्या भावांना ही सोय नाही. आता विनोद जागावाटपात शोधावा लागेल, कोणाचा फलक वर आणि कोणाचा खाली यात शोधावा लागेल, म्हणजे पुन्हा बखरीकडे वळावे लागेल. किंवा फोन तसाच ठेवून पलीकडे तिसराच कोणी आणून बसवावा लागेल. युत्या मोडायला आपल्याकडे वेळ लागत नाही, तेव्हा दादूचा नंबर सदूने मोबाइलमधून पुसून टाकू नये, हे बरे.